मायच्या नावे एक ओळ

मुंबई
८ नोव्हेंबर १९८१

प्रिय लहानूमामाजी, जयभीम.

दसऱ्याला तुमच्या हिरडीचा जो तीळभर तुकडा कापून घेतला तो बर्फात सुखरूप पोचला. गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, थर्मासमध्ये चहा आहे का. मी म्हटलं, मामा आहेत. नाशिकपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

एवढ्याशा मांसात मी पाहणार काय, असं तुम्ही विचारलं होतं. नीट सांगतो, कारण पुढचं वर्षभर तुमची मदत लागणार आहे. आपल्या घरात हा रोग जुना आहे. आजोबांचे दात तिशीत गेले. मायचे धाकट्या प्रेमिलाच्या जन्मापर्यंत सगळे गेले. तुमचे चौतिसाव्या वर्षी तीन हलताहेत. घरात सगळे उष्णता म्हणतात, पण ती उष्णता नाही. हिरडी सुजते आणि त्या सुजेत शरीर स्वतःच एक रस तयार करतं. तो रस दाताला धरून ठेवणारे धागे खातो, मग खालचं हाड जातं. हा रस तयार करण्याचा हुकूम प्रत्येक पेशीत लिहिलेला असतो, त्याला आम्ही जीन म्हणतो. हुकूम सगळ्यांकडेच आहे. बाकीच्यांकडे काम झालं की तो मिटतो, आपल्याकडे उघडाच राहतो. तुमच्या पॉवरहाऊसमधल्या एखाद्या व्हॉल्व्हसारखं समजा. तो बंद का होत नाही, एवढ्याच प्रश्नावर माझा प्रबंध आहे. अकरा रुग्ण घेतले आहेत, त्यांत तुम्ही सातवे.

म्हणून विनंती अशी की वर्षभर कसलंही औषध घ्यायचं नाही. तंबाखूचा तो गुडाखू दातांना घासणंही बंद. सोबत बारा कार्डं पाठवतो. दर महिन्याला एक भरून टाका: रक्त येतं का, पू येतो का, दात किती हलतो, औषध घेतलं का. औषधाच्या रकान्यात बाराही वेळा 'नाही' यायला हवं. एकदा जरी 'हो' आलं तरी मला तुम्हाला यादीतून काढावं लागेल.

पहिलीत तुम्ही मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. आता एवढं एक ओझं आणखी उचला.

तुमचा
गोविंदा

खापरखेडा
७ मार्च १९८२

चिरंजीव गोविंदास मामाचा जयभीम.

फेब्रुवारीचं कार्ड सोबत आहे. कोल प्लँटमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की माझी हिरडी मुंबईला जाऊन आली, मी मात्र अजून कामठीच्या पुढे गेलो नाही. लोक मला हिरडीवाले साहेब म्हणतात. म्हणू देत.

डिसेंबर-जानेवारी वाईट गेले. तुला माहीत आहे, लग्नसराईत मी बँड पार्टीत क्लॅरिओनेट वाजवतो. वरचे दोन दात टेकल्याशिवाय सूर उभा राहत नाही, आणि दात टेकले की हिरडीतून पू यायचा. तोंडाची चव जायची. पार्टीचे मास्तर गोपाळराव सगळ्यांदेखत म्हणाले, "लहानू, यंदा तू झांजा घे गा हातात." चौदा वर्षं वाजवतो आहे मी. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

पण फेब्रुवारीत आपोआप उतार पडला. पू थांबला, रक्त थांबलं. कामठीच्या लग्नात दोन तास वाजवलं, गोपाळराव गप्प बसले. गुडाखू पूर्ण बंद आहे, तुझ्या मामीला विचार. औषध काही नाही. कार्डावर लिहिलंच आहे, पुन्हा लिहितो, औषध काही नाही.

अभ्यास कर. जेवण वेळेवर करत जा.

तुझा
लहानूमामा

मुंबई
२३ मे १९८२

प्रिय मामाजी,

जयंतीला आलो तेव्हा तुमच्या हिरडीचा दुसरा तुकडा घेतला होता, त्याची तपासणी पुरी झाली. पहिल्या तुकड्यात तो रस इतका होता की माझ्या मार्गदर्शक सरांनी मला पुन्हा मोजायला लावलं होतं. दुसऱ्यात तो जवळजवळ नाहीच. मी तीनदा मोजला. बाकी दहा जणांत तेवढाच आहे किंवा वाढला आहे. एकट्या तुमच्यात, औषधाचा कण न घेता, सहा महिन्यांत तो हुकूम आपला आपण मिटला. सर म्हणाले, "असा रुग्ण मी पाहिलेला नाही. प्रबंध आता या एका माणसावर उभा कर." मामाजी, सरांनी मला आजवर नावानं हाक मारली नव्हती. आज मारली.

आता घरचं. जयंतीला इंदोऱ्याच्या घरी प्रेमिलाचं तोंड पाहिलं. वरच्या पुढच्या दातांत फट पडली आहे, हिरडी लाल आहे. पंधराव्या वर्षीच सुरुवात झाली. माय रडायला लागली. पण तुमच्या हिरड्यांनी जे दाखवलं त्यावरून मला वाटतं की आपल्या घराण्यात हे येतं आणि स्वतःच ओसरतं. मायच्या वेळी तेवढं थांबायला कोणाला सवड नव्हती. दुखला की उपटला. प्रेमिलाच्या बाबतीत ती चूक करायची नाही. तिला कोणी काही औषध देऊ नये म्हणून मी मायला आजच लिहितो आहे. वर्षभरात तिचंही मिटेल. प्रेमिलाच्या नावे बारा कार्डं पाठवतो आहे, म्हणजे प्रबंधाला घरातलाच दुसरा पुरावा होईल.

तुम्ही नसता तर हे झालं नसतं.

गोविंदा

खापरखेडा
३० जून १९८२

चिरंजीव गोविंदास जयभीम.

तुझं पत्र तुझ्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिला कळलं काही नाही, पण ती रडली.

एक विचारतो, रागावू नको. पोरीला थोडं औषध दिलं तर बिघडेल का? इथे नत्थू म्हणून एका डॉक्टरकडचा कंपाउंडर आहे. तो सांगतो, हिरडीच्या सुजेवर कॅप्सूल असते, गुण येतो. मी घेतली नाही, तो सांगतो म्हणून लिहितो. माझं थांबलं ते गुडाखू सोडल्यानं असेल, नाहीतर काय माहीत कशानं. मी सातवी पास माणूस. पण एकाच्या तोंडावरून दुसऱ्याचं ठरतं का? आणि ती तर लेकरू आहे. डी.एड. करून मास्तरीण व्हायचं म्हणते. मास्तरणीला तोंड उघडावं लागतं.

तुला जास्त कळतं. तरी विचार कर.

लहानूमामा

मुंबई
१२ जुलै १९८२

प्रिय मामाजी,

तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बाहेरच्यांनी शंका घेतली तर मी समजू शकतो. कंपाउंडर लोक खोकल्यालाही तीच कॅप्सूल देतात आणि पाय मोडला तरी तीच. अर्धवट औषध दिलं तर प्रेमिलाचं नुकसान होईल आणि माझं सगळं काम पाण्यात जाईल. हे आपोआप मिटतं हे मी म्हणत नाही, तुमच्याच हिरड्यांनी ते सिद्ध केलं आहे.

माय घाबरट आहे. शेजारणी काहीबाही देतील. ती तुमचं ऐकते, म्हणून तुम्ही इंदोऱ्याला जाऊन तिला बजावा.

गोविंदा

खापरखेडा
५ फेब्रुवारी १९८३

चिरंजीव गोविंदा,

हे पत्र एकट्यानं वाच.

कार्डावर गुडाखू बंद लिहिलं ते खरं आहे. औषध नाही लिहिलं ते खोटं आहे. गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी, गोपाळरावांनी झांजा घे म्हटल्यावर, मी नत्थूकडे गेलो. त्यानं टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. पाच दिवसांच्या दिल्या होत्या, पण चौथ्याच दिवशी पू थांबला म्हणून मी लोभानं आणखी आणल्या. दिवसाला चार, असे एकवीस दिवस घेतल्या. त्यानंतर तू दुसरा तुकडा घेतलास.

तुला सांगितलं नाही, कारण एक 'हो' आलं की यादीतून काढीन असं तू लिहिलं होतंस. मला वाटलं, सातवा माणूस गेला तर तुझी पदवी अडेल. आपल्या वस्तीतून तिथवर गेलेला तू पहिला. माझ्या दोन दातांपायी तुझं अडू नये, एवढाच विचार केला. एका माणसाच्या एका खोट्यानं काय होतं असं वाटलं.

मग तुझं मे महिन्यातलं पत्र आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खरं सांगतो, ते वाचून मी स्वतःवरच शंका घेतली. म्हटलं, यंत्रानं पाहिलं, सरांनी पाहिलं, कदाचित कॅप्सूल घेण्याआधीच मिटायला लागलं असेल. शिकलेल्या माणसाला माझ्या तोंडातलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल असं मी धरून चाललो. तू सांगितलंस म्हणून तुझ्या मायला बजावूनही आलो. सप्टेंबरात शेजारच्या यमुताईनं कॅप्सूल आणून दिल्या होत्या, त्या मी परत करायला लावल्या. या माझ्या हातांनी.

गेल्या रविवारी इंदोऱ्याला गेलो होतो. प्रेमिला वरणात भाकर भिजवून एका बाजूनं चावत होती. मी तिच्या वरच्या दाताला बोट लावलं तर तो पुढेमागे झाला. ती म्हणाली, "हालून राहिला ना मामाजी? दादा म्हणते थांबन. तुमचा किती दिवसात थांबला होता?"

मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

तुझ्या मायला म्हटलं, बाई, पोरीला कॅप्सूल सुरू करू. ती म्हणाली, "गोविंदाचं पत्र दाखव. त्यानं दे म्हटलं तं आत्ता देईन." तेव्हा तू एवढंच कर. मायच्या नावे एक ओळ लिही, प्रेमिलाला कॅप्सूल द्या म्हणून. माझं नाव घे किंवा नको घेऊ. प्रबंधाचं तू काय ते बघ, माझ्यावर सगळं टाक, मी कुठेही येऊन सांगायला तयार आहे. पण ओळ आधी लिही. दात अजून जागेवर आहेत.

लहानूमामा

खापरखेडा
९ मार्च १९८३

चिरंजीव गोविंदा,

माझं पाच फेब्रुवारीचं पत्र तुला मिळालेलं दिसत नाही. मिळालं असतं तर तू परतीच्या टपालानं लिहिलं असतंस. पोस्टाचा काही भरवसा नाही. रजिस्टर करायला हवं होतं, माझीच अक्कल कमी. म्हणून तेच पुन्हा थोडक्यात लिहितो: मी एकवीस दिवस टेट्रासायक्लिन घेतली होती. माझी हिरडी त्यानं बसली, आपोआप नाही. प्रेमिलाला औषध द्यायला हवं. मायला तसं लिही.

वाट पाहवेना म्हणून मी तुझ्या मायला सगळं तोंडानं सांगून टाकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरीची दया येऊन राहिली म्हणून खोटं बोलून राहिला तू. तू औषध घेतलं असतं तं गोविंदाले समजलं नसतं का? त्याच्यापाशी यंत्र आहे." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. ती म्हणाली, माझ्या गळ्याची खोटी शपथ घेऊ नको गा.

गोविंदा, वर्षभर खोटं लिहिलं ते सगळ्यांनी खरं धरलं, आणि आता खरं बोलतो तर घरातलं कोणी ऐकत नाही.

लपवून प्रेमिलाला कॅप्सूल नेऊन दिल्या. तिनं घेतल्या नाहीत. म्हणाली, "दादाचं कार्ड खोटं पडन मामाजी." तिच्या पाया पडायचं राहिलं होतं, तेही केलं. ती घाबरून मायला हाक मारायला लागली.

गुरुवारी तिचा वरचा एक दात पडला. दहावीची परीक्षा तोंडावर आहे. वर्गात ती हजेरीला 'उपस्थित' म्हणत नाही, हात वर करते. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

प्लँटमध्ये शटडाऊन चालू आहे, रजा बंद आहे, नाहीतर मीच मुंबईला आलो असतो. एक ओळ, गोविंदा. तुझ्या हातची.

लहानूमामा

मुंबई
२४ एप्रिल १९८३

मामाजी,

मायला आज लिहिलं आहे. टेट्रासायक्लिन, दिवसाला चार, तीन आठवडे. नागपुरात कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं तेही लिहिलं आहे.

पोस्टाचा दोष नाही. तुमचं पहिलं पत्र मला नऊ फेब्रुवारीला मिळालं. दुसरं चौदा मार्चला. दोन्ही मी वाचली.

माझी तोंडी परीक्षा वीस एप्रिलला होती. प्रबंध जानेवारीत दिला होता. त्याचं मुख्य प्रकरण म्हणजे तुम्ही. नऊ तारखेला तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. पहिला विचार प्रेमिलाचा आला असं लिहायची फार इच्छा आहे, पण तसं झालं नाही. पहिला विचार आला की मायला ओळ लिहिली तर ती सगळ्यांना सांगेल, नागपूरहून कोणी इथे बोलेल, सरांना कळेल. मी स्वतःला समजावलं की फक्त दहा आठवडे आहेत. हाड इतक्या वेगानं जात नाही. हे मी स्वतःशी बोलत होतो आणि ते खोटं आहे हेही मला माहीत होतं. या वयात किती वेगानं जातं, ते माझ्याच प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलेलं आहे.

कॅप्सूलनं तो रस स्वतःच दबतो की सूज उतरल्यानं दबतो, हा चांगला प्रश्न आहे. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर त्यावर प्रबंध झाला असता. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. वर्षभर औषध नको म्हणून अडवणारा मीच. तुमचा पू, तुमचं क्लॅरिओनेट, गोपाळरावांचं ते बोलणं, सगळं तुम्ही लिहिलं होतंत. मला त्यात फक्त हिरडी दिसली.

परीक्षकांनी तुमच्याबद्दल चाळीस मिनिटं विचारलं. मी सगळी उत्तरं दिली. औषध घेतलं नव्हतं याची खात्री आहे का, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, रुग्ण माझे मामा आहेत.

पदवी मिळाली. अजून मायला कळवलेलं नाही. पुढच्या महिन्यात येतो. प्रेमिलाला दात मी बसवून देईन, कोणाला कळणारही नाही असे. मला जे बोलायचं ते बोला, मारा. पण काहीतरी लिहा.

गोविंदा

खापरखेडा
१५ मे १९८३

चिरंजीव गोविंदा,

तुझी ओळ मायला तीस तारखेला मिळाली. त्याच दिवशी कॅप्सूल सुरू केल्या. आठ दिवसांत हिरडी बसली, लाली गेली, रक्त थांबलं. माझं बसलं होतं तसंच. डॉक्टर म्हणाले, रोग थांबला आहे, पण वरचे चारही पुढचे राहणार नाहीत, खाली हाडच उरलं नाही. एक आधीच पडला होता, तीन त्यांनी काढले. दाढाही दोन जातील. महिना दोन महिने आधी आणलं असतं तर, असं म्हणून ते थांबले.

तुझी माय शेजारीपाजारी सांगत फिरते, "पाहा, गोविंदानं लिहिलं अन् आठ दिवसात उतरलं." तुझ्या पदवीचं मीच तिला सांगितलं. तू आलास की विहारात सत्कार ठेवणार आहेत. तिनं पांढरी साडी काढून ठेवली आहे. तू सत्काराला उभा राहशील. मी समोर बसेन. तिच्यासाठी आपल्या दोघांना तेवढं करावं लागेल.

तुझं पत्र मी जाळलं. तू मारायला सांगतोस. मी कोणत्या हातानं मारू? पहिलं खोटं माझं आहे. पण माझं खोटं मी तुझ्यासाठी बोललो होतो, आणि तू गप्प राहिलास तो स्वतःसाठी. यात फरक आहे की नाही ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवून आता पोरीचं काही होणार नाही.

प्रेमिलाचा दहावीचा निकाल लागायचा आहे. पास होईल. डी.एड.चा अर्ज आणला नाही. मी म्हटलं, मी आणून देतो. तिनं मान हलवून नाही म्हटलं. आता ती बहुतेक मानेनंच बोलते. तू बसवून देशील ते दात ती घालेल, तू सांगशील ते ती करते.

घरी मी असं सांगितलं आहे की माझी दोन्ही पत्रं पोस्टात हरवली, तिसरं मिळताच तू मायला लिहिलंस. माझं बोलणं खरं होतं हे तुझ्या मायला आता पटलं आहे. ती दर वेळी पोस्टमन गल्लीत आला की त्याला दारात उभं करून बोलते. तो बिचारा ऐकून घेतो.

काल निघताना प्रेमिला फाटकापर्यंत आली. तोंडावर ओढणी धरून तिनं तुझ्यासाठी निरोप सांगितला. निरोप आहे म्हणून पोचवतो, तिच्याच शब्दांत लिहितो: "दादाले सांगजा, मनाले लावून घेऊ नको म्हणा. त्याची काही चूक नाही. त्याले पत्र भेटलं असतं तं त्यानं त्याच दिवशी लिहिलं असतं."

लहानूमामा